दंतशिखरे, कृत्रिम

किडल्यामुळे, झिजल्यामुळे किंवा तुटल्यामुळे दुबळ्या झालेल्या दाताचा हिरडीबाहेरील भाग सर्व बाजूंनी झाकणाऱ्या व दातावर सिमेंटाने कायम जोडलेल्या आवरणाला कृत्रिम दंतशिखर असे म्हणतात. बोलीभाषेत त्याला दाताची टोपी किंवा कॅप म्हणतात. नैसर्गिक दाताचे शिखर (हिरडीबाहेर दिसणारा भाग) व मूळ (जबड्याच्या हाडात रुतलेला भाग) असे दोन भाग असतात. शिखरावर दंतवल्क या अतिशय कठीण पदार्थाचा थर असतो. त्याच्या आत दंतिन व सर्वांत आत दंतगर (तंत्रिका व रक्तवाहिन्या असलेले मऊ ऊतक) असतो. दंतवल्क एकदा नष्ट झाले की, शरीर ते पुन्हा तयार करू शकत नाही. त्यामुळे मूळ शाबूत असूनही शिखर नष्ट झालेला दात उपटून टाकण्यावाचून पूर्वी गत्यंतर नसे. असा दात राखण्याचा उपाय म्हणून कृत्रिम शिखराचा विकास झाला. मात्र शिखर बसविण्यासाठी उरलेल्या दाताचाही काही भाग तासावा लागतो आणि आवरणाखाली रोग दडून राहू शकतो. दात वाचविणे व दाताला अपाय करणे या दोन्ही शक्यता या उपचारात असल्याने कृत्रिम शिखराचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्यासंबंधीच्या वादांचा व त्यांतून झालेल्या सुधारणांचा इतिहास आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : दातांसाठी सोन्याचा उपयोग प्राचीन असला, तरी तो प्रारंभी मुख्यत्वे बांधणीपुरता किंवा शोभेपुरता होता. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत इ. स. पू. सातव्या शतकापासूनच्या सोन्याच्या पातळ पट्ट्या सापडल्या आहेत. या पट्ट्या शेजारच्या दातांभोवती गुंडाळून त्यांच्यामध्ये माणसाचा किंवा जनावराचा दात बसवीत. त्या प्रामुख्याने उच्च कुळांतील स्त्रिया वापरीत असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. रोमनांच्या बारा कोष्टकांच्या कायद्यात (इ. स. पू. सु. ४५०) प्रेताबरोबर सोने ठेवण्यास बंदी होती. मात्र मृताचे दात ज्या सोन्याने बांधलेले असतील, ते सोने काढून घेण्याची आवश्यकता नव्हती. यावरून अशी बांधणी त्या काळी सुपरिचित होती, असे दिसते.

दातावर सोन्याचे आवरण घालण्याची प्रथा आशियात आढळते. मार्को पोलो यांनी तेराव्या शतकात हल्लीच्या चीनमधील युनान प्रांतात दातांवर सोन्याचा पत्रा चढविणारे लोक असल्याचे नमूद केले आहे. या प्रदेशाचे त्यांनी दिलेले ‘झरदंदान’ हे नाव फार्सी असून त्याचा अर्थ सोन्याचे दात असा आहे. यातील ‘झर’ हा शब्द मराठीतील ‘जर’ व ‘जरतारी’ या शब्दांत आजही आढळतो. फिलिपीन्समधील बोलिनाओ येथे सापडलेल्या चौदाव्या-पंधराव्या शतकांतील एका कवटीच्या दातांवर माशाच्या खवल्यांसारखी सोन्याची नक्षी बसविलेली आहे. मध्य अमेरिकेतील माया लोक दंतवल्कात भोके पाडून त्यांत जेड व इतर खडे बसवीत. या सर्व प्रथांमागे प्रतिष्ठा, सौंदर्य किंवा जमातीची ओळख हे हेतू होते. रोगट दात वाचविणे हा हेतू त्यांत दिसत नाही.

अठरावे शतक : दंतवैद्यकाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणारे फ्रेंच शस्त्रवैद्य प्येअर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मोडलेल्या दाताच्या मुळात सोन्याची किंवा चांदीची खुंटी बसवून तिच्यावर कृत्रिम शिखर जोडण्याची रीत वर्णिली आहे. खुंटी घट्ट बसावी म्हणून ते उष्णतेने मऊ होणारी लुकणासारखी वस्तू वापरीत. शिखरासाठी माणसाचे दात किंवा पाणघोड्याचे दात, हस्तिदंत इ. पदार्थ कोरून वापरले जात. हे पदार्थ काही काळाने लाळेमुळे कुजत, रंग बदलत व त्यांना दुर्गंधी येई.

संपूर्ण दातावर चढविण्याच्या सोन्याच्या टोपीचे पहिले निश्चित वर्णन क्लॉद मूताँ या पॅरिसमधील दंतवैद्यांनी १७४६ मध्ये केले. दाढांसाठी नुसत्या सोन्याची व पुढच्या दातांसाठी मिन्याचा पांढरा लेप दिलेली टोपी वापरावी, असे त्यांनी सुचविले होते. टिकाऊपणासाठी धातू आणि दर्शनी भागासाठी पांढरा पदार्थ ही त्यांची कल्पना पूर्णपणे साध्य होण्यास पुढे दोनशेहून अधिक वर्षे लागली. १७५६ मध्ये बर्लिनमधील फिलिप फाफ यांनी मेणाने जबड्याचा ठसा घेऊन त्यात प्लॅस्टर ओतण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्लॅस्टरची प्रतिकृती मिळू लागल्याने कामाचा बराच भाग रुग्णाच्या तोंडाबाहेर करणे शक्य झाले. आजच्या दंत-प्रयोगशाळेचे मूळ या पद्धतीत आहे.

न कुजणाऱ्या पदार्थाचा शोध पॅरिसजवळील सँ-झेर्मँ येथील आलेक्सी द्यूशातो या औषधविक्रेत्यांच्या अनुभवातून लागला. स्वतःच्या हस्तिदंती कवळीला येणाऱ्या दुर्गंधीला कंटाळून त्यांनी १७७४ च्या सुमारास पोर्सलिनाची कवळी करवून घेतली. नीकॉला द्यूब्वा द शेमाँ या दंतवैद्यांनी या पद्धतीत सुधारणा करून तिचा प्रसार केला. पोर्सलीन भाजताना आकसते, ही त्यांच्यापुढील मुख्य अडचण होती आणि ती पुढील दीडशे वर्षे कायम राहिली. १८०८ मध्ये जूझेप्पांजेलो फोंत्सी या पॅरिसमध्ये व्यवसाय करणाऱ्या इटालियन दंतवैद्यांनी प्लॅटिनमाच्या टाचण्या बसविलेले सुटे पोर्सलीन दात तयार केले. पुढे इंग्लंड व अमेरिका येथे अशा दातांचे कारखाने निघाले.

खुंटीचे दात : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढच्या दातांसाठी खुंटीचा दात हाच प्रचलित उपाय होता. मोडका दात हिरडीलगत कापून त्याच्या मूलनालात (मुळातील पोकळीत) खुंटी ठोकीत व तिच्यावर तयार दात बसवीत. अमेरिकेत खुंटीसाठी हिकरीसारखे चिवट लाकूड वापरीत. लाळेने लाकूड फुगले की, खुंटी आपोआप घट्ट बसे. परंतु हेच फुगणे अनेकदा मुळाला तडा जाण्यास कारणीभूत होई. यापेक्षाही गंभीर दोष म्हणजे जंतूंचे ज्ञान नसल्याने मूलनाल स्वच्छ न करता बंद केला जाई. आत कोंडलेल्या पुवामुळे सूज व तीव्र वेदना उद्‌भवत आणि शेवटी मूळही काढावे लागे. अमेरिकेतील एस्. स्पूनर यांनी १८३६ मध्ये दंतगर मारण्यासाठी आर्सेनिकाचा उपयोग सुचविला. एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ मध्ये घड्याळाच्या कमानीपासून दंतगर काढण्याचे बारीक हत्यार बनविले. या साधनांमुळे मूलनाल उपचारास चालना मिळाली, तरी त्या काळी तो निर्जंतुक मात्र नव्हता.

सोन्याची टोपी व पेटंटांचा वाद : १८६९ मध्ये सेंट लूइस येथील विल्यम न्यूटन मॉरिसन यांनी सोन्याच्या टोपीची कृती प्रसिद्ध केली. सोन्याच्या पत्र्याची पट्टी दाताभोवती कड्यासारखी बसवून तिच्यावर चर्वण पृष्ठाच्या आकारात ठोकलेला पत्रा डाखाने जोडीत व पोकळी भरून टोपी दातावर चढवीत. जॉन बिअर्स यांनी १८७३ मध्ये अशाच टोपीचे पेटंट (एकस्व) मिळविले. १८८० च्या सुमारास कॅसियस रिचमंड यांनी मुळाला धरून ठेवणारे सोन्याचे कडे, मूलनालात जाणारी खुंटी व पुढच्या बाजूस पोर्सलिनाचा दर्शनी भाग यांचे एकत्रित शिखर प्रचारात आणले. त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे हे शिखर अनेक दशके वापरात होते. याच दशकात मार्शल लोगन यांनी प्लॅटिनमाची खुंटी पोर्सलिनातच भाजून पक्की केलेले शिखर तयार केले. झिंक फॉस्फेट सिमेंट १८७० नंतर उपलब्ध झाल्याने ही शिखरे पूर्वीपेक्षा घट्ट बसू लागली.

या शोधांबरोबर त्यांच्या मालकीचा प्रश्न उपस्थित झाला. इंटरनॅशनल टूथ क्राउन कंपनीने शिखरे व दंतसेतू (शेजारच्या शिखरांच्या आधारे बसविलेले दात) यांविषयीची अनेक पेटंटे मिळवून दंतवैद्यांकडून परवाना शुल्काची मागणी सुरू केली. शुल्क न देणाऱ्यांवर खटले भरले गेले. उपचाराची पद्धत ही व्यापारी मालमत्ता ठरल्यास ती सर्व रुग्णांना उपलब्ध होणार नाही, असे व्यवसायातील अनेकांचे म्हणणे होते. शोधासाठी श्रम व पैसा खर्च करणाऱ्याला मोबदला मिळावा, असा पेटंटधारकांचा दावा होता. १८८८ मध्ये शिकागो येथील जे. एन्. क्राउझ यांच्या पुढाकाराने दंतवैद्यांनी संरक्षक संघ स्थापून वर्गणीतून न्यायालयीन लढा दिला. कंपनीने पुढे केलेली काही पेटंटे १८९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकली नाहीत. परिणामी शिखरे बनविण्याच्या पद्धती सर्वांना खुल्या झाल्या व त्यांचा झपाट्याने प्रसार झाला.

हंटर यांचा आक्षेप : या प्रसाराची दुसरी बाजू लवकरच उघड झाली. पत्र्याची टोपी दाताला नेमकी बसत नसे. तिची कड हिरडीत रुते किंवा दात व कड यांमध्ये फट राही. तेथे अन्नकण साचून कीड वाढे, पण वरून चकाकणाऱ्या सोन्यामुळे ती दिसत नसे. दात न तासता, किडीसह किंवा पू झालेल्या मुळावरच टोपी चढविण्याचे प्रकारही सर्रास घडत. १९१० मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात विल्यम हंटर (१८६१–१९३७) या ब्रिटिश वैद्यांनी अशा शिखरांवर व सेतूंवर कठोर टीका केली. सोन्याखाली दडलेल्या जंतुसंसर्गामुळे पांडुरोग, जठराचे विकार, संधिवात इ. रोग उद्‌भवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या टीकेतून केंद्रीय संक्रामण सिद्धांताला (शरीरातील एका ठिकाणच्या संसर्गामुळे दूरच्या इंद्रियांत रोग होतो या मताला) मोठे बळ मिळाले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ज्यांचे दुखणे दातांशी संबंधित असल्याचा कोणताही पुरावा नव्हता, अशा असंख्य रुग्णांचे दात काढण्यात आले. त्यांतील पुष्कळ दात निरोगी होते. दात काढल्यानंतरही बहुतेकांचे मूळ दुखणे कायम राहिल्याचे पुढील पाहण्यांत दिसून आले व १९४० च्या सुमारास या सिद्धांताचा प्रभाव ओसरला. हंटर यांनी काढलेला सार्वत्रिक निष्कर्ष टिकला नाही, परंतु निकृष्ट कामाविषयीचा त्यांचा आक्षेप रास्त होता. शिखर बसविण्यापूर्वी क्ष-किरण चित्राने मूळ तपासणे, मूलनाल निर्जंतुक करणे व शिखराची कड दाताशी काटेकोरपणे जुळविणे या गोष्टी अनिवार्य मानल्या जाऊ लागल्या, याचे काही श्रेय या टीकेला द्यावे लागते.

ओतीव शिखरे : कड नेमकी जुळविण्याचा प्रश्न ओतकामाने बराचसा सुटला. विल्यम टॅगर्ट (१८५५–१९३३) या अमेरिकन दंतवैद्यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्क येथे सोने ओतण्याची आपली पद्धत सादर केली. तीत इच्छित आकाराची मेणाची प्रतिकृती करून तिच्याभोवती उष्णतारोधी आवेष्टन द्रव्य ओतीत. ते घट्ट झाल्यावर तापवून मेण घालवीत व मोकळ्या झालेल्या पोकळीत वितळलेले सोने दाबाने भरीत. मेण गाळून ओतकाम करण्याचे हे तत्त्व मुळात अतिप्राचीन आहे. भारतीय मूर्तिकारांना ते मधूच्छिष्टविधान या नावाने परिचित होते व कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात त्याचे वर्णन आहे. मूर्तीच्या बाबतीत थोडासा फरक चालतो, पण दाताच्या बाबतीत केसाहून बारीक अंतरही महत्त्वाचे ठरते. थंड होताना सोन्याची मिश्रधातू सुमारे दीड टक्का आकसते. तेवढ्याच प्रमाणात तापल्यावर प्रसरण पावणारे सिलिकायुक्त आवेष्टन द्रव्य वापरून या आकुंचनाची भरपाई करण्यात आली.

टॅगर्ट यांनीही आपल्या पद्धतीचे पेटंट घेऊन दावे केले. तथापि आयोवा राज्यातील बी. एफ्. फिलब्रुक यांनी दहा वर्षे आधीच अशी पद्धत वर्णिली असल्याचे निदर्शनास आले व टॅगर्ट यांचा दावा फेटाळला गेला.

पोर्सलिनाचे शिखर : दिसण्यात नैसर्गिक दाताशी सर्वांत जवळचे असे संपूर्ण पोर्सलिनाचे शिखर डिट्रॉइट येथील चार्ल्स हेन्री लँड (१८४७–१९२२) यांनी विकसित केले. दाताच्या प्रतिकृतीवर प्लॅटिनमाचा अतिशय पातळ वर्ख दाबून बसवावयाचा, त्यावर पोर्सलिनाचे थर देऊन भट्टीत भाजावयाचे व शेवटी वर्ख काढून टाकावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. १८८० नंतर त्यांनी पेटंट घेतलेली ही पद्धत विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रचारात आली. अंगरख्याप्रमाणे दाताला सर्व बाजूंनी वेढीत असल्याने या शिखरास जॅकेट शिखर हे नाव पडले. अटलांटिक महासागर १९२७ मध्ये विनाथांबा व एकट्याने पार करणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हे लँड यांच्या कन्येचे पुत्र होत. लँड यांच्या शिखरासाठी जिवंत दात मुळापर्यंत कापावा लागत नसे, हा त्याचा मोठा गुण होता. परंतु पोर्सलीन ठिसूळ असल्याने दाढांवर चावण्याच्या दाबाखाली ते फुटे. म्हणून पुढे पोर्सलीन व मागे सोने अशी वाटणी रूढ झाली.

साधनांतील सुधारणा : शिखरासाठी दात सर्व बाजूंनी सारखा तासणे हे पूर्वी रुग्ण व वैद्य दोघांनाही असह्य काम होते. पायाने चालविण्याचे छिद्रणयंत्र १८७० नंतर व विजेवरील यंत्र १८७५ मध्ये पुढे आले, तरी त्यांचा वेग कमी असे आणि वेदना टळत नसत. १८८४ नंतर कोकेनाचा व १९०५ पासून प्रोकेनाचा उपयोग स्थानिक संवेदनाहरणासाठी होऊ लागला. स्वीडनमध्ये शोधलेले लिडोकेन १९४८ पासून वापरात आले व दंतोपचारातील वेदनेचा प्रश्न बव्हंशी मिटला. १९५७ मध्ये अमेरिकेतील जॉन बोर्डन यांनी हवेच्या झोताने दर मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेणारे यंत्र बाजारात आणले. हिऱ्याची पूड बसविलेल्या टोकांसह या यंत्राने काही मिनिटांत दात तासता येऊ लागला. घर्षणाच्या उष्णतेने दंतगर मरू नये म्हणून त्यावर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. वेग वाढल्याने श्रम कमी झाले, पण गरजेपेक्षा अधिक दात तासला जाण्याचा धोकाही वाढला.

ठसा घेण्याच्या पदार्थांतही मोठी प्रगती झाली. कठीण प्लॅस्टर व उष्णतेने मऊ होणारी राळयुक्त मिश्रणे यांच्या जागी १९२५ नंतर आगर हे लवचिक द्रव्य आले. त्यानंतर आल्जिनेट, १९५० नंतर पॉलिसल्फाइड रबर, १९६५ मध्ये पॉलिईथर व १९७० नंतर आकारमान जवळजवळ न बदलणारी सिलिकोन रबरे वापरात आली. दाताच्या खाचा-कपारींतून न फाटता निघणाऱ्या ठशामुळे शिखराची कड जुळविणे सुकर झाले.

धातू व पोर्सलीन यांचा संयोग : मूताँ यांनी सुचविलेल्या संयोगातील मुख्य अडचण औष्णिक प्रसरणाची होती. सोन्याची मिश्रधातू पोर्सलिनापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे दोन्ही एकत्र भाजून थंड केल्यास पोर्सलिनाला तडे जातात. अमेरिकेत वाइनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत ल्यूसाइट या खनिजाच्या स्फटिकांचे प्रमाण वाढवून पोर्सलिनाचे प्रसरण धातूच्या जवळ आणले. धातूचे आकुंचन किंचित अधिक ठेवल्यास थंड झालेले पोर्सलीन दाबाखाली राहते व अधिक बळकट होते. ही शिखरे दाढांवरही टिकू लागल्याने ती जगभर प्रचलित झाली.

सोन्याच्या किंमतीचाही या इतिहासावर परिणाम झाला. १९७१ पर्यंत औंसाला ३५ डॉलर असा अधिकृत भाव असलेले सोने जानेवारी १९८० मध्ये सुमारे ८५० डॉलरपर्यंत गेले. त्यामुळे निकेल-क्रोमियम व कोबाल्ट-क्रोमियम या स्वस्त मिश्रधातू वापरात आल्या. निकेलामुळे काही व्यक्तींना अधिहर्षता (ॲलर्जी) होते. काही निकेल मिश्रधातूंत मिसळलेल्या बेरिलियमाची धूळ व वाफ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा गंभीर विकार जडतो. या धोक्याची झळ रुग्णापेक्षा प्रयोगशाळेत धातू ओतणाऱ्या व घासणाऱ्या तंत्रज्ञांना अधिक बसते. आवेष्टन द्रव्यातील सिलिकेच्या धुळीपासूनही त्यांना संरक्षणाची आवश्यकता असते. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांसाठी १९५० पासून अगंज पोलादाची तयार शिखरे वापरात असून ती स्वस्त व टिकाऊ ठरली आहेत.

धातुविरहित शिखरे : १९६५ मध्ये इंग्लंडमधील जे. डब्ल्यू. मॅक्लीन व टी. एच्. ह्यूझ यांनी पोर्सलिनात ॲल्युमिनाचे कण मिसळून त्याचे बल सुमारे दुप्पट केले. १९५५ मध्ये मायकेल ब्वोनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक अम्लाची क्रिया करून त्यास रेझीन चिकटविता येते, हे दाखविले होते. या तत्त्वावर आधारलेल्या रेझीन सिमेंटांमुळे काचसदृश शिखरे दाताशी एकजीव करणे शक्य झाले. १९९० नंतर ल्यूसाइटयुक्त व १९९८ पासून लिथियम डायसिलिकेटयुक्त काच-मृत्तिका शिखरे प्रचारात आली.

झिर्कोनियम ऑक्साइड (झिर्कोनिया) हा सध्याचा सर्वांत बळकट मृत्तिका पदार्थ होय. तडा जाऊ लागताच त्या ठिकाणच्या स्फटिकांचे स्वरूप बदलून त्यांचे आकारमान वाढते व तड्याची वाढ रोखली जाते. हा गुणधर्म १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील आर्. सी. गार्वी व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केला. झिर्कोनिया संगणकनियंत्रित यंत्राने कोरावा लागतो. या तंत्राचा पाया फ्रान्समधील फ्राँस्वा द्यूरे यांनी १९७० नंतर घातला. स्वित्झर्लंडमधील व्हेर्नर म्योरमान व मार्को ब्रांडेस्टीनी यांच्या यंत्रावर तयार केलेले पहिले भरण १९८५ मध्ये झुरिक येथे रुग्णाच्या दातात बसविण्यात आले. झिर्कोनियाचा खडूसारखा मऊ ठोकळा सुमारे एकपंचमांश मोठ्या आकारात कोरतात व सुमारे १,५००° से. तापमानास तापपिंडन करून तो इच्छित मापापर्यंत आकसवितात.

शिखर बसविण्याची प्रचलित पद्धत : प्रथम क्ष-किरण चित्राने मुळाची व हाडाची तपासणी करतात. दंतगर मेलेला असल्यास मूलनाल उपचार करून पोकळी भरतात व आवश्यक तर खुंटी बसवून गाभा उभारतात. नंतर बधिरीकरण करून दात चहूबाजूंनी तासतात. चर्वण पृष्ठावरून सामान्यतः १.५ ते २ मिमी. व बाजूंनी सुमारे १ ते १.५ मिमी. भाग काढावा लागतो. धातूच्या शिखरासाठी कमी तासले तरी चालते. दाताच्या बाजू वर किंचित निमुळत्या ठेवतात. त्या फार निमुळत्या झाल्यास शिखर निसटते. यानंतर ठसा किंवा प्रकाशीय चित्र घेऊन तासलेल्या दातावर ॲक्रिलिकाचे तात्पुरते शिखर बसवितात. प्रयोगशाळेतून तयार शिखर आल्यावर त्याची कड, शेजारच्या दातांशी असलेला स्पर्श, समोरच्या दाताशी होणारा मेळ व रंग तपासून ते सिमेंटाने पक्के करतात. पारंपरिक झिंक फॉस्फेटाबरोबर १९६८ नंतर पॉलिकार्बोक्सिलेट, त्यानंतर काच-आयनोमर व रेझीन सिमेंटे उपलब्ध झाली.

मॅक्लीन व फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये एक हजाराहून अधिक शिखरे व भरणे तपासून कडेजवळची फट १२० मायक्रोमीटरपेक्षा (०.१२ मिमी.) अधिक नसावी, असा निकष मांडला. तो आजही प्रमाण मानला जातो. शिखराखालचा दात नैसर्गिकच असल्याने या कडेपाशी त्याला पुन्हा कीड लागू शकते. म्हणून शिखर बसविलेल्या दाताची स्वच्छता इतर दातांइतकीच किंबहुना अधिक ठेवावी लागते. चांगले शिखर दहा वर्षांहून अधिक काळ टिकणे ही सामान्य गोष्ट आहे.

भारतातील स्थिती : भारतात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १९२० मध्ये रफिउद्दिन अहमद यांनी कलकत्ता येथे स्थापिलेल्या महाविद्यालयापासून सुरू झाले. मुंबई येथे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. दंतवैद्यांची नोंदणी व शिक्षणाचा दर्जा यांचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये संमत झाला. तोवर दात काढणे व बसविणे हा व्यवसाय करण्यास देशभर लागू असे कायदेशीर बंधन नव्हते. प्रशिक्षणाशिवाय बसविलेल्या टोप्यांत हंटर यांनी दाखविलेले सर्व दोष संभवतात, हे लक्षात घेता या नियमनाचे महत्त्व स्पष्ट होते.

मूल्यमापन : पदार्थ व यंत्रे यांत मोठी प्रगती झाली असली, तरी संपूर्ण शिखरासाठी दाताच्या दृश्य भागापैकी सुमारे ६० ते ७५ टक्के भाग तासला जातो, असे मोजमापांवरून दिसून आले आहे. असा भाग पुन्हा मिळविता येत नाही व तासण्याच्या आघाताने काही दातांतील दंतगर पुढे मरतो. त्यामुळे केवळ दात पांढरे किंवा एकसारखे दिसावेत म्हणून निरोगी दातांवर शिखरे बसविणे अनुचित समजतात. जेथे चिकटविलेले भरण किंवा दाताचा काही भागच झाकणारे अर्धशिखर पुरेसे असते, तेथे ते पसंत करण्याकडे कल वाढला आहे. लहान मुलांच्या बाबतीत दात न तासता व कीड न कोरता पोलादी शिखर नुसते दाबून बसविण्याची, स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत २००६ पासून अभ्यासली गेली असून ती यशस्वी ठरली आहे. तीत शिखराखाली पोषण न मिळाल्याने कीड थांबते. मात्र दंतगर निरोगी असेल, तरच ती वापरता येते. सोन्याखाली दडलेल्या किडीने एकेकाळी या उपचाराला बदनाम केले होते. तीच कीड योग्य निवड व नेमकी कड यांच्या साहाय्याने शिखराखाली कोंडून निष्प्रभ करता येते, हे यावरून दिसून आले आहे.